पऱ्हाटीवरील किडींचे ॲप: एपीके बांधणीची नोंद

पऱ्हाटीवरील (कपाशीवरील) किडी चित्रावरून आणि आवाजावरून ओळखता याव्यात, यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी जे ॲप तयार करीत आहे, त्याची एपीके (अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करण्याची) फाईल वाटपापूर्वी नीट बांधण्याचे काम आता पूर्ण झाले आहे. डोमकळी (गुलाबी बोंडअळीमुळे न उमललेले फूल), तुडतुडे, मावा आणि फुलकिडे यांची छायाचित्रे व प्रत्येकाविषयी वऱ्हाडीत सांगितलेली माहिती हा ॲपचा गाभा असून, ते ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डावरून या फोनमधून त्या फोनमध्ये जाते. घेणाऱ्यांपैकी अनेकांचे फोन २ जीबी रॅमचे आहेत. त्यामुळे फाईल लहान हवी, आणि उघडल्यावर तिने रॅम अडवून ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वजनाचा मोठा वाटा आवाजाचा होता. एका चॅनेलच्या वेव्ह फाईलमध्ये सेकंदाला १६ बिटांचे ४४,१०० नमुने, म्हणजे ८८,२०० बाइट साठतात, आणि एएपीटी-२ हे ॲपच्या फाईली एकत्र बांधणारे साधन वेव्ह फाईल दाबत (तिचा आकार लहान करत) नसल्यामुळे ते सर्व वजन जसेच्या तसे एपीकेत उतरते. तेच बोलणे ओपस या आवाज दाबून साठवणाऱ्या प्रकारात २४ केबीपीएसने (सेकंदाला २४ हजार बिट) ठेवले की सेकंदाला सुमारे ३,००० बाइट पुरतात. अँड्रॉइड ५ पासून ओपस चालते आणि बोलण्यातला ‘ळ’ही स्वच्छ ऐकू येतो, माझ्या मते अशा ॲपसाठी याहून अधिक दर ठेवण्याची गरज नाही.

एपीकेतील फाईली ठरावीक सीमांवर बसवणाऱ्या झिपअलाईन या साधनाचे काम वेगळे आहे. त्याने फाईल लहान होत नाही, उलट काही बाइटांनी वाढते. एपीके ही मुळात झिप फाईल असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक नोंदीपुढे ३० बाइटांचा ठरावीक मथळा, मग फाईलचे नाव आणि त्यानंतर जादा माहितीची जागा असते. मथळा १,००१ व्या बाइटावर सुरू होत असेल आणि नाव १४ अक्षरांचे असेल, तर मजकूर १,०४५ वर सुरू होईल. झिपअलाईन त्या जादा जागेत ३ बाइट भरून तो १,०४८ वर, म्हणजे ४ ने भाग जाणाऱ्या ठिकाणी नेते. न दाबलेली फाईल अशी रांगेत बसली की अँड्रॉइड तिची वेगळी प्रत रॅममध्ये न करता ती पॅकेजमधूनच थेट वाचू शकते. लहान रॅमच्या फोनवर याच गोष्टीला महत्त्व आहे. शिवाय अँड्रॉइड ११ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपची रिसोर्सेसची (चित्रे, मजकूर इत्यादींची) मुख्य तक्ता-फाईल दाबलेली असेल किंवा ४ बाइटांच्या सीमेवर नसेल, तर ॲप इन्स्टॉलच होत नाही.

ग्रेडल ही ॲप बांधण्याची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी हे सर्व आपोआप होते. माझा लॅपटॉप जुना असल्यामुळे मी एएपीटी-२, डी-८ (कोड अँड्रॉइडच्या रूपात बदलणारे साधन) आणि झिप यांच्या आज्ञा एकेक करून चालवतो, आणि तेथे क्रम पाळावाच लागतो: आधी सर्व फाईली आत, मग झिपअलाईन, आणि शेवटी एपीकेसाइनर या साधनाने डिजिटल सही. २०१६ मधील अँड्रॉइड ७ सोबत आलेली दुसऱ्या आवृत्तीची सही संपूर्ण फाईलवर असते, म्हणून सहीनंतर एक बाइट सरकला तरी ती अमान्य ठरते. जुन्या जारसाइनरची सही आतील एकेका फाईलवर असल्यामुळे तेथे क्रम नेमका उलटा, आधी सही आणि मग झिपअलाईन, असा होता. जुने लेख वाचून काम करणाऱ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात ठेवावा. सहीनंतर झिपअलाईनची केवळ तपासणी करणारी ‘सी’ खूण आणि एपीकेसाइनरची ‘व्हेरिफाय’ आज्ञा चालवून मी खात्री करून घेतली. दोन्हीकडे सर्व काही बरोबर निघाले.

पुढच्या टप्प्यात बोंडाच्या फोटोवरून गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव ओळखणारे छोटे टेन्सरफ्लो लाइट (फोनवरच चालणारे यंत्रशिक्षणाचे) मॉडेल जोडायचे आहे. मॉडेलची फाईलही थेट पॅकेजमधून वाचली जावी यासाठी ती दाबू नये, असे एएपीटी-२ ला ‘शून्य’ या पर्यायाने सांगावे लागेल. मॉडेलबरोबर नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरवर चालणारा तयार कोड) येईल, आणि अँड्रॉइड १५ पासून काही फोनांत स्मृतीची पाने (रॅम वाटण्याचे ठरावीक तुकडे) ४ केबीऐवजी १६ केबीची असू शकतात. त्यासाठी झिपअलाईनला मोठ्या लिपीतील ‘पी’ खुणेसह १६ हा आकडा द्यावा लागतो. मात्र लायब्ररीचे स्वतःचे भागही १६ केबीच्या सीमेवर जुळलेले नसतील तर एवढ्याने भागत नाही, म्हणून ती एनडीके या नेटिव्ह कोड बांधणाऱ्या साधनसंचाच्या २८ व्या आवृत्तीने बांधण्याचे ठरवले आहे.