मुलाखतींचं टेबल: स्थानिक मंडळी आणि पाहुणे लेखक यांच्यासाठी आतापर्यंतची मांडणी

कम्युनिटी रेडिओवरच्या अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी टेबल, माइक आणि रेकॉर्डरची मांडणी आता पक्की झाली आहे. स्थानिक मंडळी असोत की बाहेरून आलेले लेखक, यंत्रं तीच राहतात. बसवण्याची आणि बोलतं करण्याची पद्धत मात्र दोघांसाठी जवळजवळ उलटी लागते. या टप्प्यातलं बहुतेक काम त्याच फरकावर झालं.

आधी मांडणी. शुअर एसएम ५८ सारखे दोन डायनॅमिक कार्डिऑइड माइक (कमी संवेदनशील आणि मुख्यतः समोरचंच ऐकणारे), दोन्ही जमिनीवरच्या बूम स्टँडवर. टेबलावर स्टँड ठेवला की बोटांचा ठेका आणि टेबलावर टेकलेलं मनगट, दोन्ही रेकॉर्ड होतं. जास्त संवेदनशील अशा कंडेन्सर माइकचा मोह होतो. पण उघड्या भिंतींच्या खोलीत तो पंखा, रस्ता आणि घुमारा सगळंच उचलतो. तोंडापासून अंतर १० ते १५ सेंमी ठेवायचं आणि माइक ओठांसमोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुत्कार कॅप्सूलच्या, म्हणजे माइकमधल्या आवाज टिपणाऱ्या भागाच्या, शेजारून निघून जातो. याहून जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात.

दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट हवं: १५ सेंमीला ४५. तसं नसेल तर एकच आवाज दोन्ही माइकांत मागेपुढे पोचतो (३४ सेंमीला साधारण १ मिलिसेकंद) आणि मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, मिसळल्यावर पोकळ ऐकू येतो. म्हणून मिक्स कानाला लावताना एकदा मोनो करून तपासायचाच. बसायचं समोरासमोर. शेजारी बसवलेला पाहुणा उत्तर देताना मुलाखतकाराकडे मान वळवतो आणि माइकपासून दूर जातो. समोर बसवला तर नजर आणि माइक एकाच दिशेला येतात, शिवाय प्रत्येक माइकची बहिरी पाठ समोरच्या माणसाकडे होते.

स्थानिक पाहुण्याला माइकची सवय नसते. दोन प्रश्नांनंतर तो खुर्चीत मागे रेलतो, १५ सेंमीचे ३० होतात आणि आवाज सुमारे ६ डीबीनं (डेसिबलनं) खाली जातो. गेन, म्हणजे माइकचा आवाज रेकॉर्डरवर किती वाढवायचा ते, वाढवून हे सुटत नाही, कारण खोलीही तितकीच वर येते. उपाय खुर्चीत आहे: चाकं नसलेली, न करकरणारी, सरळ पाठीची. पाहुण्याला आधी हवं तसं बसू द्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि अंग स्थिरावलं की माइक त्याच्याकडे न्यायचा. त्याला माइककडे ओढायचं नाही. रेकॉर्डिंग सुरू असल्याचं सांगून ते गप्पांपासूनच चालू ठेवावं. ‘आता सुरू करू या’ म्हटलं की माणूस भाषणाच्या सुरात जातो.

पहिला प्रश्न हातातल्या कामाचा हवा. ‘तुमच्या कार्याबद्दल सांगा’ याला गोषवारा मिळतो. ‘काल सकाळी कामाला लागल्यावर सगळ्यात आधी काय हातात घेतलंत?’ याला चित्र मिळतं. आणि मुलाखतकारानं ‘हो हो’, ‘अच्छा’, ‘बरोबर’ म्हणायचं नाही, मान हलवायची. पाहुण्याच्या शब्दावर चढलेला हुंकार त्याच्या माइकातही शिरलेला असतो, त्यामुळे ट्रॅक वेगळे असूनही तो काढता येत नाही.

लेखकांची अडचण उलटी. त्यांना बोलायची सवय असते आणि पुस्तकाबद्दलची उत्तरं आधीच घोटलेली असतात. ‘हे पुस्तक कसं सुचलं?’ हा प्रश्न यादीतून काढून टाकावा. पान उघडून विचारावं: हा परिच्छेद इथेच का थांबला, या पात्राला नाव का नाही. त्यासाठी पुस्तक खरोखर वाचलेलं लागतं, त्याला पर्याय नाही. खरे प्रश्न रेकॉर्डिंगआधी बोलून दाखवायचे नाहीत. दुसऱ्यांदा दिलेलं उत्तर नेहमीच आखूड आणि कोरडं येतं.

वाचन दोन मिनिटांपर्यंत पुरे. पुस्तकातून वाचताना मान खाली जाते आणि आवाज छातीत पडतो. मजकूर मोठ्या टाइपात, कागदाच्या एकाच बाजूला छापून डोळ्यांच्या उंचीवर माइकशेजारी लावावा. कागद सुटे ठेवावेत आणि उलटण्याऐवजी सरकवावेत. लेव्हल मात्र गप्पांवर लावायची, वाचनावर नाही, कारण हसणं वाचनापेक्षा बरंच मोठं असतं. वाचनासाठी हक्कधारकाची परवानगी आणि प्रत्येक पाहुण्याची लेखी संमती आधीच घ्यावी. नाव आणि पुस्तकाचं शीर्षक पाहुण्याच्याच तोंडून सुरुवातीला म्हणवून घेतलं की ओळख वाचताना उच्चार चुकत नाही.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक माइकला वेगळा ट्रॅक. आवाजाची शिखरं उणे १२ डीबीएफएसच्या आसपास (शून्य म्हणजे डिजिटल रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा). तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. ४० ते ४५ मिनिटांच्या कच्च्या गप्पांतून २८ मिनिटं सहज निघतात. त्याहून जास्त रेकॉर्ड केलं तर काटछाटीतच जीव जातो. पाहुणा उठण्याआधी एक मिनिट खोलीची शांतता घ्यायचीच. कापलेल्या जागी ती भरली नाही तर प्रत्येक जोड ऐकू येतो.

संपादनात ८० हर्ट्झखालचं काढायचं आणि नॉइज रिडक्शन ६ ते ८ डीबीवर थांबवायचं. पुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हळू आवाज पूर्ण बंद करणाऱ्या गेटपेक्षा तो नुसता कमी करणारा सौम्य एक्सपांडर बरा, कारण गेट वाक्याचा शेवटचा शब्द खातो. एफएमसाठी ‘स’ आणि ‘श’कडे खास लक्ष हवं. प्रसारणाआधी उंच स्वर वाढवण्याला प्री-एम्फसिस म्हणतात. ५० मायक्रोसेकंदांच्या प्री-एम्फसिसमध्ये १० किलोहर्ट्झला सुमारे १० डीबी वाढ होते, ७५ मायक्रोसेकंदांत जवळपास १४. मग मर्यादेपलीकडचा आवाज रोखणारा लिमिटर ते दाबतो आणि ‘स’ चिरका होतो. आधीच ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ३-४ डीबी डी-एसिंग केलं, म्हणजे ‘स’चा टोकदारपणा उतरवला, की हे टळतं. प्रसारणाची फाइल ईबीयू आर १२८ या युरोपीय प्रसारण मानकाप्रमाणे उणे २३ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं एकक), नेटवरची उणे १६, दोन्हींत ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डीबीच्या आत.

पुढचं काम फोनवरच्या लेखकांचं. पाहुण्याकडे जाणाऱ्या आवाजातून त्याचाच आवाज वगळायचा, म्हणजे मिक्स-मायनस. मिक्सरच्या ऑक्स सेंडवर, म्हणजे बाहेर आवाज पाठवणाऱ्या वेगळ्या वाटेवर, फक्त मुलाखतकाराचा चॅनल उघडा आणि फोनचा पूर्ण बंद. ऑक्स प्री-फेडर हवा, म्हणजे फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीच्या) आधीचा, नाहीतर फेडर खाली आणताच समोरच्याला काही ऐकू येत नाही. पाहुण्यानं आपल्याकडेही रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. दोन फाइली जुळवायला सुरुवातीला टाळी, आणि घड्याळं सरकतात म्हणून शेवटीही एक.