तरत्या बर्फावरचा दिनक्रम

आर्क्टिक महासागरातल्या तरत्या बर्फावरच्या संशोधन तळांविषयी मी काही सांगू लागलो, की पिंपळगाव बसवंतच्या आमच्या घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दादा म्हणतो, "दिवसभर ते लोक तिथं करतात तरी काय?" आणि वहिनी विचारतात, "भावजी, स्वयंपाक कोण करतं?" उत्तर ध्रुवावर पहिला झेंडा कोणी लावला, या वादापेक्षा मला हे दोन्ही प्रश्न अधिक मोलाचे वाटतात, म्हणून नाशिकला परतल्यावर त्यांची उत्तरे जरा सविस्तर लिहायला बसलो आहे.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की पहिल्या तळावर स्वयंपाक तळप्रमुखच करत असे. २१ मे १९३७ रोजी सोव्हिएत विमान उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर उतरले आणि पुढे तिथे चौघेजण राहिले: प्रमुख इवान पापानिन, बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारे एर्न्स्ट क्रेंकेल, चुंबकत्व आणि हवामान पाहणारे येवगेनी फ्योदोरोव्ह आणि समुद्राचा अभ्यास करणारे प्योत्र शिर्शोव्ह. शिर्शोव्ह यांच्याकडे डॉक्टरकीही सोपवलेली होती. सोबतीला व्येस्योली नावाचा एक कुत्रा होता. चारच माणसे असल्यामुळे ज्याचे शास्त्र त्यानेच करावे, अशी चैन कोणालाच परवडणारी नव्हती. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचे, तंबूवर साचलेला बर्फ उपसायचा, पवनचक्कीवर वीज तयार करायची आणि वारा पडला तर हाताने जनित्र फिरवायचे, ही कामे वेधांच्या वेळा सांभाळून सगळ्यांनी मिळून उरकायची असत. या तळावरून दिवसातून अनेकदा हवामानाची नोंद पाठवली जाई आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सोव्हिएत वैमानिक च्कालोव्ह यांनी ध्रुवावरून अमेरिकेपर्यंत केलेल्या विमानप्रवासाला त्या नोंदींचा आधार होता.

सगळ्यात कष्टाचे काम खोली मोजण्याचे. बर्फाला पाडलेल्या भोकातून वजन बांधलेली तार रहाटावरून खाली सोडायची आणि ती तळाला टेकली, की पुन्हा हातानेच वर ओढायची. ध्रुवाजवळ ही खोली ४,२९० मीटर भरली. चार किलोमीटरहून लांब तार हाताने गुंडाळायला किती तास लागत असतील आणि त्यात दंडांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना विहिरीचा रहाट ओढलेल्या माणसाला चटकन येईल. मोहिमेच्या गौरवकथांत या तारेला फारशी जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते, कारण तिथले बरेचसे शास्त्र त्या तारेलाच लटकलेले होते.

दादाच्या प्रश्नासाठी मात्र अलीकडची मोझेइक मोहीम पाहावी. जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर या ध्रुवीय संशोधन संस्थेचे पोलारस्टेर्न हे जहाज सप्टेंबर २०१९ मध्ये निघाले, ऑक्टोबरमध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाच्या एका सपाट तरत्या पट्ट्याला बांधून ठेवले गेले आणि त्या बर्फाबरोबर वाहत राहिले. जहाज मुद्दाम बर्फात अडकवून प्रवाहाने नेऊ देण्याची ही कल्पना नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाजावर आजमावलेली होती. अशा तळावर जेवण, झोप आणि प्रयोगशाळा जहाजावर असतात. बर्फावर जायचे ते कामासाठी. ध्रुवीय रात्रीचे महिने असल्यामुळे सकाळ म्हणजे घड्याळात वाजलेली सकाळ एवढेच, बाहेर मात्र मिट्ट काळोख. निघताना जहाजाला कळवायचे, डोक्याला दिवा बांधायचा आणि बंदूकधारी पहारेकरी सोबत घ्यायचा. पांढरी अस्वले कुतूहलाने तंबूपर्यंत येतात, त्यामुळे पहाऱ्यावरच्या माणसाने पाठीला पाठ लावून गप्पा मारत बसायचे नसते, काळोखावर नजर ठेवायची असते.

प्रत्यक्ष काम पाहिले, तर ते बहुतांशी देखभालीचे असते. प्रारण, म्हणजे ऊन आणि उष्णता मोजणाऱ्या यंत्रांच्या काचांवर हिमकण साचतात आणि मोजमापच चुकते, म्हणून ते वारंवार पुसावे लागतात. समुद्राचे नमुने घेण्यासाठी केलेली भोके पुन्हा गोठू लागतात, ती फोडून मोकळी ठेवावी लागतात. बर्फाचा लांब गाभा काढला, की तो गार हवेत आपले मूळ तापमान सोडण्याआधी घाईने ठरावीक अंतरांवर बारीक छिद्रे पाडून आतले तापमान नोंदवायचे. मग त्याचे तुकडे करून पिशव्यांत भरायचे आणि जहाजावर नेऊन वितळवून खारटपणा पाहायचा. वरचा भाग खूपच थंड असतो, खालचे टोक मात्र समुद्राच्या गोठणबिंदूपाशी, उणे १.८ अंशांच्या आसपास असते. एवढ्याशा गाभ्यात इतका फरक सामावतो, हे वाचून माझे भान हरपते.

बर्फावरचा हिम किती जाड आहे, हा तिथला एक मोठा प्रश्न, कारण उपग्रहावरचा रडार हिमाखालचा बर्फ किती जाड दाखवतो, हे त्यावर ठरते. या कामात आपल्या केरळचे विष्णू नंदन सहभागी होते. रडार उभा करायचा, गोठलेल्या बोटांनी तारा जोडायच्या आणि बर्फ तडकला, की तीच तार पुन्हा टाकायची. उणे ३०-४० अंशांत बॅटऱ्या लवकर जीव सोडतात आणि बॉलपेनची शाई गोठते, म्हणून नोंदवहीत पेन्सिल उत्तम. दादाच्या बागेतले हवामान केंद्र डिसेंबरातल्या थंडीत रुसले, की फोन येतो तो माझ्याकडे. तिथे असा फोन करायलाही कोणी नसते.

जमीन म्हणून पायाखाली जे आहे, तेच जागा बदलते, ही या तळाची मूळ अडचण आणि तेच त्याचे प्रयोजनही. वारा आणि प्रवाह मिळून तळ रोज कित्येक किलोमीटर नेतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो वाऱ्याच्या दिशेपेक्षा उजवीकडे सरकतो, हे नान्सेन यांनी टिपले होते. पापानिनांचा पट्टा ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत वाहत गेला. १ फेब्रुवारी १९३८ च्या सुमारास वादळात तो फुटला आणि मग तुकडे होत होत अगदी लहान उरला. १९ फेब्रुवारीला तैमिर आणि मुर्मान या दोन जहाजांनी चौघांना उचलले. तोवर २७४ दिवस झाले होते. त्यानंतर अशा तळांची परंपरा कित्येक दशके चालली, पण टिकाऊ पट्टे मिळणे अवघड होत गेले. २०१३ मध्ये रशियाचा चाळिसावा तळ बर्फ फुटू लागल्यामुळे मध्येच रिकामा करावा लागला आणि २०२२ पासून त्यांनी बर्फात राहू शकेल असे खास जहाजच या कामी उतरवले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. फुटणाऱ्या बर्फावर तंबू ठोकून शौर्य दाखवण्याचे दिवस संपले आहेत.

मोझेइकचा पट्टाही जुलै २०२० च्या शेवटी, ग्रीनलंड आणि स्वालबार्ड बेटे यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीच्या परिसरात तुटला. माणसांनी आधीच यंत्रे आणि तारा गोळा करून घेतल्या होत्या. मात्र गोठण्याची सुरुवात पाहायची राहिली होती, म्हणून जहाज पुन्हा उत्तरेकडे निघाले, ऑगस्टमध्ये ध्रुवाजवळ दुसरा पट्टा निवडला आणि तिथे नव्याने भोके पाडून, झेंड्यांच्या रांगा लावून, तारा टाकून आणखी महिनाभर नोंदी घेतल्या.