पावलांची वही: आश्विन

गणपती गेले, पाऊस आटपत आला आणि आकडा एकदाचा हलला. ज्येष्ठ-आषाढात रोजची पावलं साडेतीन-चार हजारांवर रुतून बसली होती. आता ती सात हजारांच्या अलीकडे-पलीकडे असतात, कोजागिरीच्या आठवड्यात तर नऊपर्यंत गेली. सकाळी तासभर खास फिरायला बाहेर पडणं मला जमत नाही. डबे, नळाचं पाणी, देवाची फुलं यांतच साडेनऊ होतात आणि पतसंस्थेचं काउंटर दहाला उघडतं. त्यामुळे ही सगळी वाढ रोजच्या कामांतून काढलेली आहे. ज्यांची दिवसाची घडी अशीच आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर गुहागरला, खालच्या पाटात (पाट म्हणजे गावातली वस्ती). गाव पाहिलं नसेल तर एवढं लक्षात घ्या: एक अरुंद रस्ता, दुतर्फा घरं, आणि समुद्राच्या अंगाला प्रत्येक घरामागे नारळी-पोफळीचं लांबच लांब आगर, थेट वाळूपर्यंत. बाजार काही लांब नाही, पण स्कूटर अंगणात उभी दिसली की कोथिंबिरीची जुडी आणायलाही तीच लागते. आता नियम असा की, जे हातात मावतं त्याला स्कूटर नाही. तांदळाचं पोतं, सिलिंडर, पावसाचा धो-धो दिवस, एवढीच तिची कामं. कामावर जाणं-येणंही पायीच. यातून दोन-अडीच हजार पावलं सहज निघाली आणि कशाला जास्तीचा वेळ गेला असं वाटलं नाही, कारण स्कूटर काढा, हेल्मेट शोधा, बाजारात जागा शोधा, यात तेवढीच मिनिटं जात होती.

आगराचा उपयोग मला उशिरा सुचला. मागील दारापासून समुद्राकडच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, माझी दीड-दोनशे पावलं होतात. पडलेले नारळ, वाळलेली झावळं, शेंगा, फुलं असं काही ना काही आणायचं असतंच. पूर्वी सगळं एका खेपेत कोंबून आणायचे, आता मुद्दाम वेगवेगळ्या खेपा करते. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. "एका हातात दोन नारळ राहतात हो, विसरलीस का?" असं त्या ओटीवरून ओरडून सांगतात. स्वतः मात्र दिवसभर मागच्या-पुढच्या दाराशी अशा काही असतात की, त्यांच्या हाताला पावलं मोजायचा पट्टा बांधला तर मलाच लाज वाटेल.

आता मुख्य गोष्ट. समुद्रावरून घरी येण्याचा बेत मी तिथीवर बसवला आहे. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक असेल: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी साडेपाचला पाणी सर्वांत मागे गेलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच मी सुटते. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे भरती जशी वर चढते तसं ओहोटीला पाणीही खूप आत हटतं. रुंद, ओली, फरशीसारखी घट्ट वाळू मिळते. द्वादशीपासून पुढच्या पक्षाच्या द्वितीयेपर्यंत मी बाजारातून थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरते आणि आमच्या बेड्यातून घरात शिरते. मध्ये घरापाशी थांबले नाही तर पुढे अजून बरंच चालता येतं, आमची पुळण चांगली पाच-सहा किलोमीटर आहे.

अष्टमीच्या आसपास हे जमत नाही. सहाला भरती म्हणजे चालायला फक्त वरची भुसभुशीत कोरडी वाळू उरते. तिथे पावलं कमी पडतात आणि दम जास्त लागतो. त्याच वेगाने वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवलं आहे. हातातला पट्टा मात्र सगळ्या पावलांना एकच भाव देतो. माझ्या मते वाळूतली दोन हजार पावलं रस्त्यावरच्या दोन हजारांशी जोडून लिहूच नयेत, म्हणून वहीत त्यांचा वेगळा रकाना आहे. अष्टमीला मी रस्त्याने जाते. नवरात्रात तर काळजीच नव्हती, वरच्या पाटात दुर्गादेवीच्या दर्शनाला जाणं-येणं होतंच.

दहा हजारांचा आग्रह मी सोडून दिला आहे. टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ साली झालं, त्यानंतरच्या चालण्याच्या लाटेत १९६५ मध्ये जपानात यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा तिथून पसरला. पुढे संशोधन झालं तेव्हा चित्र वेगळं निघालं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या स्त्रियांचा अभ्यास छापला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी सहा ते आठ हजार आणि त्याआधीच्यांसाठी आठ ते दहा हजारांच्या आसपास फायद्याची रेषा सपाट होताना दिसली. मी पन्नाशी ओलांडलेली, तेव्हा आठ हजार हे माझं ठरलं. सासूबाईंना ४,४०० चा आकडा सांगितला, तर म्हणाल्या, "म्हणजे मी पास ना?"

वेगाबद्दल एकच. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की ते मध्यम दमाचं चालणं धरतात. नारळाच्या खेपांत हा वेग येत नाही, बाजारात ओळखीची माणसं येऊ देत नाहीत. तो मिळतो फक्त ओल्या वाळूवर.

यंत्राचं रडगाणं थोडक्यात: हात हलला नाही तर मनगटावरचा पट्टा मोजत नाही. छत्री धरलेली, कळशी घेतलेली, दोन्ही हातांत पिशव्या, अशी सगळी पावलं फुकट जातात. पट्टा पायात पैंजणासारखा घालून पाहिला, बरा मोजतो, पण काउंटरवर लोक बघत राहतात. फोन खिशात असेल तर ठीक, पर्समध्ये असेल तर लहरीवर. स्वयंपाकघरातली दोन-तीन पावलं बहुतेक यंत्रं धरतच नाहीत, त्यांना सलग चाल लागते. त्यामुळे माझा खरा आकडा वहीतल्यापेक्षा थोडा वरच असणार, असं मी समजते. कोणी हरकत घेऊ नये.

पावसाळ्यावर मात्र अजून तोड सापडलेली नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आगरात फुरशासारख्या विषारी सापाची भीती, समुद्रावर जायची सोय नाही. फोन आला की पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायच्या, एवढंच साधलं. माहेरचे फोन लांबले की हजारभर होतात. तरी अंधार पडल्यावर आगरात जायचंच झालं तर बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय जाऊ नका, पावलं राहिली तर राहू देत.

कार्तिकात सुपारी वेचायला लागेल, म्हणजे आगरातल्या खेपा आपोआप वाढतील. त्या वाकून-वाकून होतात, त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते अजून ठरलेलं नाही. त्रिपुरी पौर्णिमेला ओहोटी पुन्हा साडेपाचच्या सुमारास आहे. त्या दिवशी घरापाशी न वळता वाळूने असगोलीच्या दिशेने पुळण संपेपर्यंत जायचा बेत आहे. जाऊबाई बरोबर येते म्हणाल्या आहेत, पण परतीला रिक्षा या अटीवर.