काळ्या स्क्रीनवरचा अनुस्वार

जवळजवळ दोन वर्षे माझा फोन दिवसरात्र डार्क मोडमध्ये, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणाऱ्या रूपात, होता. मागच्या महिन्यात मी हा मोड दिवसाच्या वेळेपुरता बंद केला आणि त्याला कारण झाले एक अनुस्वार. रात्री अंथरुणात पडून एका दिवाळी अंकातील लेख फोनवर वाचत असताना ‘चिंता’ हा शब्द मी एकाच परिच्छेदात दोनदा ‘चिता’ असा वाचला. या दोन शब्दांत केवळ एका बिंदूचा फरक असल्याचे सांगणारे सुभाषित शाळेत पाठ केले होते, परंतु तो बिंदू वेलांटीच्या पांढऱ्या प्रकाशात असा विरघळून जाईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

माझ्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे माझ्या डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नाही. स्क्रीन काळी असली की डोळ्यांत जाणारा एकूण प्रकाश कमी होतो, बाहुली मोठी होते, आणि बाहुली जितकी मोठी तितका डोळ्याच्या आकारातील दोष अधिक जाणवतो. परिणामी पांढरी अक्षरे आपल्या कडा सोडून भोवतालच्या काळ्यात पसरल्यासारखी दिसतात. पार्श्वभूमी पांढरी असेल तर बाहुली आकुंचन पावते आणि अक्षर रेखीव दिसते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांची चाचणी घेतली, तेव्हा मुद्रितशोधनासारख्या बारीक कामात दोन्ही गटांना फिकट पार्श्वभूमीवरील गडद अक्षरेच अधिक सोयीची ठरली होती. देवनागरीत तर शिरोरेषा सगळी अक्षरे एका पट्टीत बांधते. ‘ध’ आणि ‘घ’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद त्या रेषेतल्या लहानशा फटीवर बराच अवलंबून असतो, आणि ती फट उजेडाने भरून गेली की वाचक संदर्भावरून अंदाज बांधू लागतो. दोनचार ओळींच्या निरोपात हे जाणवत नाही. दहा पानांच्या लेखात मात्र डोळे थकतात आणि आपण का थकलो हे लक्षातही येत नाही.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप असा, की आपण सगळे काळ्या पाटीवरच अक्षरे गिरवायला शिकलो. आक्षेप रास्त आहे. परंतु पाटी स्वतः उजेड देत नाही, ती खोलीतल्या उजेडात वाचली जाते, तिच्यावरचे अक्षर बोटभर उंचीचे असते, आणि निबंध लिहायची वेळ आली तेव्हा आपल्या हाती वहीच दिली गेली होती.

मी डार्क मोड सुरू केला होता तो बॅटरीसाठी. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या फोनच्या प्रणालींनी तो संपूर्ण फोनसाठी उपलब्ध करून दिला, पाठोपाठ मार्च २०२० मध्ये व्हॉट्सअॅपही काळे झाले, आणि काळी स्क्रीन म्हणजे बचत हे समीकरण सर्वत्र रूढ झाले. माझा तेव्हाचा फोन एलसीडी स्क्रीनचा होता. एलसीडीमध्ये सगळ्या चित्रामागे एक दिवा सतत जळत असतो आणि काळा रंग म्हणजे त्या दिव्यासमोर ओढलेला पडदा; पडदा ओढल्याने दिव्याचे बिल कमी होत नाही. ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका, स्वतः प्रकाशतो, त्यामुळे पूर्ण काळा पिक्सेल खरोखरच विझलेला असतो आणि तेथे बचत होते. तीही किती? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड फोनांवर मोजमाप केले, तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. १०० टक्के ब्राइटनेसला मात्र हा आकडा ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे भर उन्हात ब्राइटनेस पूर्ण वाढवून फोन वापरणाऱ्याला खरा लाभ आहे, आणि घरात मंद ब्राइटनेसवर वाचणाऱ्या माझ्यासारख्याला जवळजवळ नाही.

या काळ्या प्रेमापायी मी एकदा स्वतःचे हसेही करून घेतले. एका कार्यालयाने ई-मेलवर स्वाक्षरीचे चित्र मागवले होते. माझी स्वाक्षरी काळ्या शाईची आणि चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक. त्यामुळे पाठवलेले चित्र उघडून पाहिले की मला केवळ काळा चौकोन दिसे. फाइल बिघडली असे समजून मी ती तीन वेळा, प्रत्येक वेळी दिलगिरी व्यक्त करून, पाठवली. चौथ्या दिवशी समोरून अत्यंत नम्र उत्तर आले की आपल्या तिन्ही स्वाक्षऱ्या मिळाल्या.

तरीही मी डार्क मोड पूर्णपणे सोडलेला नाही. सूर्यास्त ते सूर्योदय असे वेळापत्रक लावले आहे, कारण अंधाऱ्या खोलीत पांढरी स्क्रीन एकदम उजळली की डोळे दिपतात आणि शेजारी झोपलेल्या माणसाचीही झोपमोड होते. मात्र रात्री वाचन करायचे असेल तर मी खोलीतला दिवा लावतो आणि वाचनाच्या अॅपमध्ये फिकट पार्श्वभूमी निवडतो. जेथे काळे अटळ आहे तेथे शुद्ध काळ्याऐवजी गडद करडा रंग मिळतो का, ते पाहतो. मटेरियल डिझाइन या गूगलच्या अॅप-रचनेच्या मार्गदर्शिकेतही शिफारस करड्याचीच आहे, आणि अक्षरेही पूर्ण पांढरी न ठेवता थोडी मंद ठेवावीत असे तेथे सुचवले आहे. करड्यावर अनुस्वार बराच सावरतो.

मागच्या रविवारी आईचा फोन आला, की तिचा मोबाइल ‘काळा पडला’ असून बहुधा बिघडला आहे. चार्जिंग कमी होऊन बॅटरी सेव्हर लागला होता आणि त्यानेच गडद थीम सुरू केली होती. तिची स्क्रीन एलसीडीची, म्हणजे काळे करून फारशी बॅटरी वाचणारही नव्हती. मी घरी जाऊन थीम पूर्ववत केली आणि अक्षरांचा आकार दोन पायऱ्यांनी वाढवून दिला, तेव्हा तिने तेथेच बसून त्या दिवसाचे पंचांग मोठ्याने वाचून दाखवले.