लेबल गेलेला तिसरा ब्लॉक

शिकवण्याच्या संग्रहातले जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) आम्ही नव्याने लावत होतो. त्यातल्या तीन ब्लॉकांची लेबलं पुसून गेली होती आणि नोंदवहीत ‘कूर्चा, वृद्ध देह’ एवढीच ओळ होती. ही कूर्चा (कार्टिलेज, हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) शरीरात कुठली, याचा काही पत्ता नाही. दोन ब्लॉकांचा निकाल लवकर लागला, तिसऱ्याने मात्र उरलेला दिवस घेतला.

पहिला ब्लॉक श्वासनलिकेचा निघाला. आतल्या बाजूला केसल उपकला (बारीक केसांसारखे धागे असलेला पेशींचा थर), तिच्याखाली ग्रंथी आणि मग हायलिन, म्हणजे काचेसारख्या एकसंध, कूर्चेची कमान. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) या नेहमीच्या रंगात मॅट्रिक्स, म्हणजे पेशींमधलं द्रव्य, एकसंध, निळसर. त्यातही कोलॅजेन (तंतू बनवणारं प्रथिन) भरपूर असतं, पण टाइप २ कोलॅजेनचे तंतू अतिशय बारीक असतात आणि त्यांचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) भोवतालच्या द्रव्याइतकाच असतो, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. पेशींभोवती जो जास्त गडद निळा पट्टा दिसतो तिथे सल्फेटयुक्त शर्करासाखळ्यांचं प्रमाण जास्त असतं. पेशी आक्रसून कोटराच्या (मॅट्रिक्समधल्या पोकळीच्या) भिंतीपासून सुटलेल्या होत्या. हा प्रक्रियेतला दोष आहे. जिवंतपणी पेशी आपलं कोटर पूर्ण भरून असते.

दुसऱ्या ब्लॉकमध्ये पेशी मोठ्या, दाटीने बसलेल्या, मधलं मॅट्रिक्स थोडं, आणि कूर्चेला भोकं पाडून ग्रंथी व चरबी आत शिरलेली. अंदाज एपिग्लॉटिसचा (श्वासमार्गावरच्या झाकणाचा) होता, पण त्याच्या कूर्चेतले इलास्टिक (लवचीक) तंतू एच अँड ईवर खात्रीने ठरवता येत नाहीत. म्हणून हे तंतू काळे करणारा व्हेरहॉफ रंग लावला: अल्कोहोलमधलं ५ टक्के हिमॅटॉक्सिलिन २० मिली, १० टक्के फेरिक क्लोराइड ८ मिली, ल्यूगॉल आयोडीन ८ मिली, याच क्रमाने आणि त्याच वेळी मिसळलेलं, शिळं मिश्रण दगा देतं. सेक्शन (ब्लॉकचा पातळ काप) पूर्ण काळा झाल्यावर २ टक्के फेरिक क्लोराइडमध्ये रंग उतरवायचा. सगळी कसोटी इथेच आहे. मिनिटभरानंतर दर काही सेकंदांनी पाण्यात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. जास्त उतरला तर बारीक तंतू आधी नाहीसे होतात आणि इलास्टिक कूर्चा हायलिनसारखी दिसू लागते. सुदैवाने व्हॅन गीसन (नंतरचा, कोलॅजेन लाल करणारा रंग) लावण्याआधी लक्षात आलं तर सेक्शन पुन्हा व्हेरहॉफमध्ये बुडवता येतो. शेजारी महाधमनीचा सेक्शन ठेवला होता. तिच्या भिंतीतले इलास्टिक पडदे ठळक काळे आहेत तोवर रंगावर भरवसा ठेवायचा. आमच्या सेक्शनमध्ये पेशींभोवती काळ्या तंतूंचं दाट जाळं उमटलं. इलास्टिक कूर्चा हे नक्की झालं, आणि ग्रंथींमुळे एपिग्लॉटिसही.

तिसरा ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप घेण्याच्या यंत्रावर) घेतला तेव्हाच पात्याच्या दिशेने उभे ओरखडे उमटले, म्हणजे आत कॅल्शियम साचलेलं होतं. अशा वेळी ब्लॉकचं तोंड सौम्य आम्लात भिजवलेल्या कापसावर अर्धा-एक तास ठेवतात. पण आम्ल फक्त वरच्या काही मायक्रॉनांपर्यंत पोचतं, आणि ते मॅट्रिक्समधली प्रोटिओग्लायकनही (शर्करासाखळ्या लागलेली प्रथिनं) धुऊन नेऊ शकतं. म्हणून टोल्युइडिन ब्लूसाठीचे (हा रंग प्रोटिओग्लायकन असतील तिथे जांभळा होतो) सेक्शन ओरखड्यांसकट आधी काढून ठेवले आणि मगच आम्ल वापरलं. कूर्चेचे सेक्शन रंगवताना स्लाइडवरून सुटतात, तेव्हा सिलेनचा थर दिलेल्याच स्लाइड घेतल्या.

एच अँड ईवर जे दिसलं त्यावर कुणीही ‘तंतुकूर्चा’ (जाड कोलॅजेन तंतूंची कूर्चा) म्हणालं असतं. जाड, गुलाबी, एकमेकांना समांतर तंतूंचे जुडगे, त्यांच्यामध्ये थोड्या पेशी, आणि परिकूर्चा (कूर्चेवरचं तंतुमय आवरण) कुठेच नाही. मणक्यांमधल्या चकतीची बाहेरची कडी किंवा जघनसंधी (ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा), अशी नावंही टेबलावर आली. ध्रुवित प्रकाशात तंतू लखलखले. पण ती खूण इथे कामाची नाही, कारण कोलॅजेन जाड जुडग्यांत बांधलेलं असलं की कुठेही चमकतं.

खटकत होत्या त्या पेशी. तंतुकूर्चेत पेशी जुडग्यांमधल्या फटींत रांगेने बसतात, त्यांच्यात फायब्रोब्लास्टची (तंतू बनवणाऱ्या पेशींची) चपटी केंद्रकं मिसळलेली असतात आणि प्रत्येक पेशीभोवती मॅट्रिक्सची जेमतेम कडा असते. इथे पेशी दोन-चारच्या गटांत होत्या, आणि गट पण मोठे, गोलसर, हायलिनमध्ये असतात तसे. फायब्रोब्लास्ट तर शोधूनही सापडेनात.

टोल्युइडिन ब्लूने पुढची वाट दाखवली. सेक्शनच्या एका कोपऱ्यात मॅट्रिक्स जांभळं झालं होतं, तंतूंच्या भागात रंग फिका निळा, आणि दोहोंमध्ये सीमारेषा नव्हती. जांभळा हळूहळू विरत गेला होता. खरी तंतुकूर्चा असती तर जांभळा रंग पेशींभोवतीच्या कडांपुरता राहिला असता.

मग ब्लॉक वितळवला. पॅराफिन उतरल्यावर तुकडा बोटात धरून पाहिला: कडेला दुधी काचेसारखा, मधोमध पिवळट आणि तिथे रेशमी, चंदेरी चमक. हे बरगडीच्या कूर्चेचं वार्धक्यातलं रूप आहे. आधीच्या कुणीतरी फक्त मधला भाग पात्यासमोर येईल असा तुकडा बसवला होता, म्हणून परिकूर्चा दिसणारच नव्हती. तुकडा आडवा वळवून, बाहेरचा पृष्ठभाग छेदात येईल असा पुन्हा बसवला आणि नवे सेक्शन घेतले. आता कडेला परिकूर्चेचा तंतुमय थर, त्याखाली चपट्या पेशी, मग आत जाताना गोल होत जाणाऱ्या पेशी आणि अगदी साधं हायलिन मॅट्रिक्स. मध्यभागाकडे तेच मॅट्रिक्स तंतुमय होत गेलेलं.

या बदलाला अॅमियान्थॉइड (अॅस्बेस्टॉससारखा) बदल म्हणतात. वयाबरोबर प्रोटिओग्लायकन कमी होतात, आणि एरवी त्यांच्यामुळे वेगळे राहणारे कोलॅजेनचे बारीक तंतू एकत्र येऊन जाड होतात. अपवर्तनांक जुळत नाही, म्हणून जे आजवर अदृश्य होतं ते दिसायला लागतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पोषण झिरपूनच येतं; बरगडीची कूर्चा जाड, त्यामुळे मधला भाग सर्वांत दूर पडतो. बदल तिथेच ठळक असतो हे त्याच्याशी जुळतं.

नव्या लेबलवर ‘बरगडीची हायलिन कूर्चा, मध्यभागी अॅमियान्थॉइड बदल’ असं लिहिलं आणि दोन्ही दिशांचे सेक्शन एकाच पेटीत ठेवले. मधल्या भागाचा जुना सेक्शन फेकला नाही. विद्यार्थ्यांना तो आधी ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली द्यायचा, प्रकार लिहून घ्यायचा, आणि मग ४ पटीखाली कडेसकटची नवी स्लाइड ठेवायची, असं ठरवलं आहे.