चष्मा कुठे करायला टाकावा?

चष्म्याची खरेदी हा मुळातच उफराटा व्यवहार. नवी फ्रेम तोंडावर कशी दिसते ते बघायला जुना चष्मा काढावा लागतो, आणि तो काढला की आरशातलं तोंडच दिसेनासं होतं. माझा नंबर उणे ५, म्हणजे डोळ्यांपासून २० सेंटिमीटरच्या पुढचं सगळं जग धुक्यात. मग आरशाला जवळजवळ नाक टेकवून आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा असा हप्त्याहप्त्याने चेहरा बघायचा. शेवटी दुकानदार ‘छान दिसतोय’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. दुसरं काय करणार?

जिथे गिऱ्हाईकच आंधळं, तिथे फ्रेम नंतर, आधी माणूस निवडावा या मताचा मी आहे.

नंबराची चिठ्ठी पुढे केल्यावर समोरचा कुठे बघतो ते मी पाहतो. काही जण लगेच भिंतीवरच्या फ्रेमांकडे वळतात. एखादाच पट्टी किंवा यंत्र घेऊन दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजतो. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं आणि चिठ्ठीवर बहुधा लिहिलेलंच नसतं. नंबर कितीही अचूक काढलेला असो, काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर सगळं फुकट. माझ्या नंबराला या अंतरात ४ मिलिमीटरची चूक झाली, तर मीटरभर लांबची वस्तू दोन डोळ्यांना मिळून २ सेंटिमीटर सरकलेली दिसेल. डोळ्यांचे स्नायू दिवसभर ती ओढाताण निस्तरत बसणार, आणि संध्याकाळी कपाळ धरून आपण म्हणणार, ‘नंबर चुकला वाटतं.’

दुसरी पारख जाड काचेची. उणे नंबराची काच कडेला जाड होते, हे कळताच बरेच विक्रेते ‘पातळ’ काचेचं पुराण लावतात : १.६७, १.७४. हे आकडे खोटे नाहीत. ते अपवर्तनांकाचे, म्हणजे काच प्रकाश किती वळवते त्याचे. तो वाढला की काच पातळ होते. पण सहसा रंगांची फाकही वाढते, आणि कडेने बघताना अक्षरांना निळसर-पिवळट किनार दिसू शकते. शिवाय अशी काच प्रकाश जास्त परावर्तित करते, त्यामुळे वरचा लेप चांगला हवा. हे सगळं सांगण्याआधी जो म्हणतो, ‘फ्रेम जरा लहान घ्या, कडा आपोआप कमी जाड होईल,’ त्याच्यावर माझा विश्वास बसतो. स्वतःचा गल्ला कमी करणारा सल्ला कोण उगाच देईल?

घरबसल्या मागवण्याला मी नाकं मुरडत नाही. नंबर कमी, एकच, आणि जादा चष्मा हवा असेल तर खुशाल मागवावा. जुन्या चष्म्याच्या काडीवर आतून ५२, १८, १४० असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तो मापाचा आधार पुरतो. प्रोग्रेसिव्हचं मात्र तसं नाही. त्यात लांबचं, मधलं, जवळचं एकाच काचेत उतरत गेलेलं. फ्रेम नाकावर बसवून बाहुली नेमकी किती उंचीवर येते याची खूण काचेवर करावी लागते. ती खूण पडद्यापलीकडून करायची म्हणजे फोनवरून शिंप्याला खांद्याचं माप देण्यासारखं.

चष्मा हातात आल्यावर खरं नातं सुरू होतं. काडी कानामागे रुतते, एक बाजू खाली झुकते, स्क्रू पडतो. म्हणून पैसे देण्याआधी मी विचारतो, ‘नाही जमला तर?’ चांगला चष्मेवाला यावर चिडत नाही. ‘आठवडाभर वापरून बघा, डोकं दुखलं तर घेऊन या, मशीनवर नंबर तपासू, मध्य पुन्हा मोजू,’ एवढं तो सहज बोलून जातो. ‘आमच्याकडे तशी तक्रारच येत नाही,’ असं उत्तर आलं, की मी चिठ्ठी घडी करून खिशात घालतो आणि बाहेर पडतो.