दीड मिली

जून २०२०. विडी वळणाऱ्या पन्नाशीतल्या अम्मा आणि यंत्रमागावर काम करणारा त्यांचा मुलगा, दोघंही कोविड पॉझिटिव्ह, एकाच दिवशी आमच्या रुग्णालयात दाखल झाले. सोलापुरात तेव्हा घरंच्या घरं अशी यायची.

अम्मांच्या तर्जनीवर ऑक्सिमीटर नीट आकडा दाखवेना. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटाची कातडी राठ झालेली. मधल्या बोटाला लावला तर ८४. मास्क लावल्यावर ९१, तरी धाप थांबेना.

१६ जूनला संध्याकाळी कोविडवरच्या औषधांच्या, इंग्लंडच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. औषध कुठलं, तर डेक्सामेथासोन! १९५७ सालचं स्टेरॉइड, दम्याला, अ‍ॅलर्जीला आम्ही रोज वापरतो ते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने कमी झाले होते. तोवर आम्ही स्टेरॉइड द्यायला कचरत होतो. प्रतिकारशक्ती दाबली आणि विषाणू मोकाट सुटला तर? पण आजार आठवडाभर मुरला की फुफ्फुसाची नासधूस बरीचशी आपलीच चवताळलेली प्रतिकारशक्ती करते. अम्मांच्या आजाराचा तो नववा दिवस होता.

दोन मिलीच्या कुपीत आठ मिलिग्रॅम औषध. डोस सहाचा. मी सिस्टरांना म्हटलं, "दीड मिली ओढा, दिवसातून एकदाच." एवढ्याशा कुपीकडे बघून माझा तरी विश्वास बसत नव्हता.

मुलाला कळलं. "सर, आईला देताय तर मला पण द्या की." त्याचा ऑक्सिजन ९७, ताप उतरलेला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना याच चाचणीत काही फायदा झाला नव्हता, उलट अपाय होण्याची शंका होती. मी म्हटलं, "तुझं शरीर अजून नीट लढतंय, त्याचे हात मी बांधणार नाही." त्याला वाटलं, गरीब म्हणून टाळतोय. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते मला फार लागलं, पण इंजेक्शन दिलं नाही.

इंजेक्शनच्या चौथ्या दिवशी स्टेरॉइडने अम्मांची साखर तीनशेच्या वर गेली, इन्सुलिन सुरू करावं लागलं. सातव्या दिवशी मास्क काढून साधी नळी लावली. त्या दुपारी मुलगाच आईला पेज भरवत होता.

दहा डोस झाल्यावर मी केसपेपरवर 'डेक्सामेथासोन बंद' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मुलाला बजावलं, "कुणीही सांगितलं तरी मेडिकलमधून हे पुन्हा आणायचं नाही." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.